रकाना : तण

पाठीवर सोळा लिटरचा पंप, तोंडाला रुमाल,
हातात ठेकेदाराचा छापील कागद :
वॉर्ड. रस्ता. क्षेत्र. तण – होय / नाही.
बंद गिरणीच्या मागच्या भिंतीपासून
ड्रेनेजच्या झाकणापर्यंत नऊ गुंठे.
मी 'होय' वर खूण केली
आणि नळीचा पीळ काढायला बसलो.

भादव्याचं ऊन. आमच्या सोलापुरात
सावलीसुद्धा सावली शोधत फिरते.

भिंतीच्या भगदाडातून एक म्हातारी वाकून आत आली.
बोटं तंबाखूनं पिवळी,
काखेत विड्या वळायचं सूप, रिकामं.
तिनं माझ्याकडे बघितलं, मग पंपाकडे.
"थांब की बे. परवा अमावास्या आहे."

मला वाटलं, देवाधर्माचं काहीतरी असेल.
होतंच. देव मात्र कुठं दिसेना.
ती कुर्डू खुडत होती.

राजमणी चिप्पा. राहणार विडी घरकुल.
नवरा याच गिरणीत, दुसऱ्या पाळीला.
"हे गुनुगु," ती म्हणाली. मी म्हणालो, कुर्डू.
"हे तंगेडु." मी म्हणालो, तरवड.
आणि मग उगाच आठवलं,
माझी आई अक्कलकोटकडची,
याच पिवळ्या फुलाला आवरिके म्हणायची.
एका झुडपाला एका गावात तीन नावं
आणि माझ्या कागदावर चौथं.

"भोंगा बंद झाला त्या वर्षी," ती खुडता खुडता सांगत होती,
"हीच चिघळ खाल्ली आम्ही, हीच पाथरी.
दुकानदारानं उधारी थांबवली,
हिनं नाही थांबवली."
हिनं म्हणताना तिनं पायाखालच्या
फरशीच्या फटीकडे बोट केलं.

मग मी खाली वाकलो. पंप डचमळला.
तरवडाच्या पानावर एक अळी होती,
इतकी हिरवी, की आधी मला ती पानाची शीरच वाटली.
शीर चालायला लागली.
अकरा वर्षं फवारतोय मी.
अकरा वर्षांत एकदाही वाकलो नव्हतो,
वाकायचे पैसे ठेक्यात नाहीत.

"गाजर गवत मार," ती म्हणाली, "त्याला कोण नको म्हणतंय?
तो पाव्हणा आला आणि उठायचं नावच घेईना."

तेवढं मारलं. कोपऱ्यातलं.
त्याचाच फोटो काढला, जवळून,
म्हणजे मागची फुलं दिसू नयेत.
संध्याकाळी कुलाळीसाहेबांनी फोटो मोठा करून बघितला,
मग माझ्याकडे बघितलं,
आणि अर्ध्या दिवसाची हजेरी कापली.
बोलले काहीच नाहीत. मीही नाही.

नवव्या दिवशी कंबर तलावावर गेलो,
कशाला, ते घरी सांगितलं नाही.
ताटाताटांत फुलांचे मनोरे,
बायकांचे फेर, टाळ्या,
आणि एका ताटात खालच्या थरापासून वरपर्यंत
माझे नऊ गुंठे :
गुलाबी-पांढरे कुर्डू, मध्ये तरवडाचा पिवळा काठ.
ते पाण्यात सोडले तिनं. हळू.
मला ओळखलं की नाही, कळलं नाही.

दिवाळीनंतर तिथं पत्रे लागले.
पत्र्यांवर काचेच्या इमारतीचं चित्र,
चित्रात कुंड्या, कुंड्यांत एकसारखी झाडं,
एकावरही अळी नाही.
पत्रे लागायच्या आदल्या दिवशी मी गेलो होतो.
वाळलेले तुरे हातावर चोळले :
काळं, बारीक, चकचकीत बी,
मूठभर म्हणता म्हणता खिसाभर.

फवारणी चालूच आहे. पोट आहे.
होटगी रोड, सात रस्ता, अशोक चौक,
दुभाजक, गटारीचे काठ, शाळांच्या भिंती.
कागदावर 'होय' लिहितो,
गाजर गवत दिसलं तर मनापासून मारतो,
आणि पुढं चालत राहतो.

पँटच्या उजव्या खिशाला भोक पडलंय.
बायको दोनदा म्हणाली, टाका, शिवून देते.
राहू दे, म्हटलं.