सामाईक भिंत

बत्तीस नंबरचं घर आम्ही मे महिन्यात पाहिलं,
मुद्दाम, दुपारी दोनला.
भुसावळात घर घ्यायचं तर त्याच वेळी बघावं.
तेव्हा खोटं बोलण्याइतकं त्राण
भिंतींतही उरत नाही.

निवृत्त रेल्वेवाल्यांची ही वसाहत, डब्याला डबा जोडलेली.
एक नंबरला इंजिन म्हणतात,
बत्तीसला गार्डाचा डबा.
कुणी वारलं की म्हणतात, उतरले.
बत्तीसमधले फेगडे, खरोखरच गार्ड,
फाल्गुनात उतरले.

मुलगा पुण्याहून म्हणाला,
चाळीस वर्षं जुनं घर कोण घेतं?
म्हटलं, एकसष्ट वर्षं जुनी बाई.

खरेदीखतात चतुःसीमा:
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस बोळ,
उत्तरेस घर क्रमांक एकतीस, भिंत सामाईक.
कारकुनानं ई ऱ्हस्व काढली होती.
मी दुरुस्त करायला लावली.
फैजपूरच्या शाळेत एकतीस वर्षं घालवलेली बाई
दुसरं काय करणार.

मग गुलशेर तडवी आला, हातोडा घेऊन.
आधी उंबरा काढला, उद्या चाकाची खुर्ची आत यावी म्हणून.
खुर्ची अजून आलेली नाही,
ह्यांच्या गुडघ्यांनी तारीख तेवढी दिली आहे.
न्हाणीत धरायला दांड्या हव्या होत्या.
किती उंचीवर?
पडताना हात जाईल तिथे.
मग पडून दाखवा, मॅडम.
मी पडले. कोरड्या फरशीवर, हळू,
तीन वेगवेगळ्या प्रकारांनी.
त्यानं प्रत्येक हातापाशी पेन्सिलीनं फुली मारली.
ह्यांना इतकं हसू आलं की त्यांनाच धरावं लागलं.

एकतीसमधला टीव्ही फार मोठा.
मी ठरवलं, त्या भिंतीला प्लायवूड, आत थर्माकोल,
वरून छताला टेकेल असं कपाट.
गुलशेर रंग खरवडत होता.
खाटेच्या उंचीला एक जागा सापडली,
रुपयाएवढी, खोलगट, तेलकट काळी.
ओल असेल, तो म्हणाला.
हात लावला तर कोरडी ठणठणीत.
त्यानं पुट्टी भरली.

प्लास्टरला पाणी मारायला मी आठवडाभर तिथेच झोपले,
टँकरचं पाणी, मोजून बादल्या.
दुसऱ्या पहाटे साडेपाचला भिंतीतून
ठक ठक.
थोडं थांबून पुन्हा
ठक ठक.

फाटकाशी वाघुळदे उभे, बनियनवर,
चौऱ्याऐंशी वय, एकेकाळचे मालगाडीचे ड्रायव्हर.
सवय हो, म्हणाले, हात उठतोच.
एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.
बायका गेल्या दोघांच्या, तेव्हापासून चाललेलं.
त्या दिवशी मी दोन मारले,
तिकडून काहीच नही.
पुन्हा मारले.
मग कडी मीच तोडली.

ते काही मागत नव्हते.
टीव्ही लहान करतो, एवढंच म्हणाले,
आणि केला नाही.

प्लायवूडचा आगाऊ दिलेला पैसा बुडाला.
पुट्टी उकरायला लावली तर गुलशेर म्हणाला,
भरायची मजुरी वेगळी, उकरायची वेगळी.
दिली.

आता पहाटे अंगठी काढून ठेवते.
ह्यांची झोप मोडू नये म्हणून
नुसत्या सांध्यानं वाजवते, दोनदा,
आणि उत्तर येईपर्यंत
चहाचं आधण ठेवत नाही.
कधी लगेच येतं.
कधी आधी त्यांचा नळ वाजतो, खोकला वाजतो,
यार्डातून केळीची गाडी निघून जाते,
आणि मग येतं.

कपाट अजून ओट्यावर आहे,
ताडपत्री पांघरून,
तिकीट नसलेल्या माणसासारखं,
येणाऱ्याजाणाऱ्याकडे न बघता.