दिसले नाहीत

नोव्हेंबरात तार्तूला चार वाजताच काळोख होतो.
आम्ही खिडकीकडे पाठ करून बसतो,
काचेवरच्या चौकटींत शुक्रजंतू मोजत.
एक जंतू, अंगठ्याखाली एक खटका.
डाव्या रेषेवरचा धरायचा, उजव्या रेषेवरचा सोडायचा,
म्हणजे कुणी दोनदा मोजला जात नाही.

नमुन्यांना नावं नसतात.
सहाव्यात नुसती जत्रा होती.
सातवा
स्वच्छ.
एमायोगी गोठल्यावर पहिल्या सकाळी
तिच्यावर एकही पाऊल नसतं, तसा.

तोनिसनं वहीत शून्य काढलं.
डॉक्टर पार्तेल मागेच उभ्या होत्या.
"खोडा. शून्य इतकं स्वस्त नसतं.
आधी यंत्रात फिरवा, तळाशी बसू दे, मग तळ बघा.
आणि तरीही 'नाहीत' असं लिहायचं नाही.
लिहा, 'दिसले नाहीत.'"

पंधरा मिनिटं यंत्र घरघरलं.
आम्ही तळ पाहिला.
सगळा.

मग पुस्तक. वंध्यत्व, पुरुषांमधलं, नऊ पानं
(बायकांचं त्याआधी, एकसष्ट).
जन्मजात दोष. नलिकेतला अडथळा. संप्रेरकं.
आणि तळटिपेच्या बारीक टायपात:
वयात आल्यानंतर झालेले गालगुंड.

गालगुंड!
काल्योकाका दर नाताळात जेवताना सांगायचे,
एकोणिसाव्या वर्षी, सक्तीच्या फौजेत, मुर्मान्स्कच्या बराकीत
गाल कसे बटाट्याएवढे झाले,
आणि आवाज उतरवून, "आणि नुसते गालच नाही."
पुरुष टेबल बडवून हसायचे.
तीन आठवडे उताणा! मग बदकाची चाल!
लेइदामावशी उठून
रस्सा गरम करायला जायची.

मावशीला दिवस जात नव्हते.
म्हणजे दिवस जात होते, सोमवार, मंगळवार, सगळे,
फक्त तिला गेले नाहीत.
नऊ उन्हाळे ती हाप्सालूला चिखलाच्या उपचारांना गेली.
खाडीच्या तळाचा काळा चिखल, नासक्या अंड्याच्या वासाचा,
कमरेपासून मांड्यांपर्यंत, वर कांबळं, वीस मिनिटं.
नळ्यांत हवा भरून पाहिली.
पिशवी मागे कललीय म्हणाले.
सायकल बंद केली, लोणच्याच्या काकड्या बंद केल्या.
शेजारीण तिच्यादेखत सफरचंदाच्या झाडाला म्हणाली,
फळ धरत नाही, तोडा की.
काल्योकाकांकडे
कुणी एक थेंब मागितला नाही.

काका जाऊन बारा वर्षं झाली.
आता कुठला तळ बघणार?
एका बाजूला झालं असेल तर बहुधा निभावतं, असंही पुस्तकात आहे.
माझ्याकडे पुरावा काय, तर
एक हसायची गोष्ट आणि एक तळटीप.

मावशी रविवारी वाल्गाहून फोन करते.
ऐंशी वर्षांची, कानाला ठीक, गुडघ्यांना नाही.
"काय शिकवतात सध्या?"
"मोजायला."
"चौथ्या वर्षी?"
मला पुढचं बोलता येईना. म्हणून विचारलं,
हाप्सालूचा तो चिखल, कसा असायचा गं?

"गरम," ती म्हणाली. "आठजणी असायचो एका रांगेत,
हनुवटीपर्यंत कांबळं घेतलेल्या. इतक्या हसायचो, सिस्टर ओरडायची.
दुसऱ्याच वर्षी शेजारच्या खाटेवर एक नर्स होती, पार्नूची.
तिनं विचारलं, नवऱ्याला कधी गालगुंड झालं होतं का."

फोनमध्ये तिच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

"मग?"

"मग काय.
आणखी सात वर्षं गेले.
चिखल गरम असायचा."