हरकत असल्यास

कुणी लावलेलं नाही.
वटवाघळानं टाकलं असेल बी
ट्रान्सफॉर्मर आणि गटाराच्या झाकणाच्या मधे,
आणि तीन पावसाळ्यांत ते आमच्या
पहिल्या मजल्याच्या गजांना टेकलं.

मला त्याचं मराठी नाव माहीत नाही.
नर्सरीवाला म्हणतो सिंगापूर चेरी,
पोरं म्हणतात साखरी,
चेअरमन टिळेकर म्हणतात ते झाड,
'ते'वर जोर देऊन.

खाली कौसाबाई परिटांची हातगाडी.
इस्त्री कोळशाची, बिजागरी सैल,
दर शर्टामागे एकदा कुरकुरणारी.
पांढरी फुलं सकाळी उमलतात,
दुपारी पाकळ्या कॉलरवर, बाह्यांवर, राखेत.
पाकळ्या ती फुंकून टाकते.
फळांचं तसं नाही.
फळ पडतं ते फुटतंच,
चिकट रस, खसखशीहून बारीक बिया,
आणि ज्याच्या सदऱ्यावर पडतं
त्याची नेमकी त्याच दिवशी मीटिंग असते.

मग तिनं वर जुनी चादर बांधली.
संध्याकाळी ती झोळीसारखी लोंबते.
अन्सारच्या गॅरेजातला पोऱ्या वाटी घेऊन येतो,
खालून टिचकी मारतो,
लाल लाल तेवढी निवडतो,
हातांना ग्रीस तसंच.

पण गाड्यांच्या सीटा चिकटतात.
रात्री वटवाघळं, भिंतीवर त्यांचे ओघळ.
महापालिकेत अर्ज गेला.
सतरा सह्या.
अकरावी माझी.

खिळ्यानं ठोकलेली नोटीस
कौसाबाईनं मलाच वाचायला सांगितली.
वाचली. हरकत असल्यास
अमुक दिवसांच्या आत लेखी.
अर्जदारांच्या नावांपाशी आलो
तेव्हा 'वगैरे' म्हणालो.
ती म्हणाली, बरं.
आणि माझा निळा शर्ट
पेपरात गुंडाळून दिला. सुट्टे नव्हते,
उद्या द्या म्हणाली.

स्वारगेटच्या सिग्नलला खिशात बोट गेलं.
एक फळ, इस्त्रीखाली चपटं झालेलं,
रुपयाएवढं, कडा करपलेल्या.
चुकून गेलं असेल.
की घातलं असेल?
हुंगलं तर जत्रेतल्या
म्हातारीच्या केसांचा वास.
सिग्नल सुटला. मागचा हॉर्नवर हात ठेवून बसलेला.
मी ते तोंडात टाकलं.

घरी टेबलावर कागद आहे,
प्रति, मा. वृक्ष अधिकारी,
खाली नुसती तारीख, तीही शुक्रवारची.
बिया दातांत अडकल्यात.
जीभ सारखी तिथंच जाते.