चौथा आणि पाचवा

बेचाळीस वर्षं मी कोइंब्राचे रस्ते खालून पाहिले.
गुडघे टेकून, ओणवा, डाव्या तळहातात चुनखडीचा दगड,
उजव्यात हातोडी. दोन ठोके, एक ठोका,
की दगड आपली बाजू दाखवतो.
माणसं मला बुटांवरून माहीत.
न्यायाधीश टाच घासत चालायचा;
त्याचा चेहरा मी निवृत्त झाल्यावर पाहिला.

आता सगळं वरून पाहतो, कारण वाकता येत नाही.

पहाटे सव्वातीनला दुखणं जागं होतं.
"आलं का ते?" ग्रासिएते अंधारात विचारते,
जणू नात्यातलंच कुणी, उधारी मागायला येणारं.
कुशीवर वळायचं, आधी गुडघे पलंगाबाहेर,
मग कोपर, मग एक श्वास,
मग उरलेला आदेरितो.
डाव्या अंगठ्याला मुंग्या यायच्या. आता मुंग्याही येत नाहीत.
मोजे ती घालते.
इतक्या वर्षांच्या संसारात माझी पावलं
तिनं एवढ्या जवळून पाहिली नव्हती.
"नखं अगदी सासऱ्यांची," म्हणाली.

डॉक्टर फिलोमेनानं कागदावर माझा कणा काढला:
पाच चौकोन, एकावर एक.
"चौथा आणि पाचवा एकमेकांना घासताहेत.
चार स्क्रू, दोन सळ्या. जोडून टाकू, मग हलणार नाहीत."
मी विचारलं, "मधे काय भरणार?"
"हाड. तुमचंच, कुटून."
बरं वाटलं. बाहेरचा माल नाही.

पण आम्ही दगड वाळूवर बसवतो.
खाली मुळं कूस बदलतात, पाणी वाट काढतं,
दगडाला तसूभर सरकू द्यावं लागतं.
दोन दगड सिमेंटनं बांधून टाका,
ते जन्मात हलणार नाहीत.
तडा जातो तिसऱ्याला.
"तिसऱ्याचं काय, डॉक्टर?"
तिनं पेन खाली ठेवलं.
"त्याच्यावर भार येतो. काहींना, दहा वर्षांनी. सगळ्यांना नाही."
खोटं बोलली असती
तर मी तिथंच सही केली असती.

एर्मिनियोनं करून घेतली. मेणबत्तीसारखा ताठ चालतो,
कोबी उपटायला सुनेला हाक मारतो.
बेकरीतली देओलिंदा मात्र जत्रेत नाचली,
घाम पुसत म्हणाली, "सहा वर्षं उगाच घाबरले."
दोघांचं खरं आहे.
दोघांचं खरं घेऊन मी कुठल्या कुशीवर झोपू?

काल पत्र खिशात घालून चढावर गेलो.
नव्वद साली बसवलेली माझी काळी लाट तिथं आहे.
लाटेच्या काठावरचा एक दगड सुटून बाजूला पडलेला,
जागी मुठीएवढं भोक.
दगड हातभर अंतरावर,
आणि माझा हात त्याच्यापासून एका जन्मावर.
कुणी अडखळू नये म्हणून
भोकात बुटाचं टोक घालून उभा राहिलो.
उभं राहणं मला सगळ्यात महाग पडतं.
वीस मिनिटं. कंबरेपासून टाचेपर्यंत तार तापत गेली.
पर्यटकांना वाटलं, म्हातारा नदी बघतोय.
एकानं फोटोही काढला.

शेवटी दप्तर पाठीवर घेतलेली एक पोरगी आली.
"बाळा, तो दगड जरा इथं ठेवतेस?"
तिनं ठेवला. उलटा.
झिजलेली बाजू खाली, खडबडीत वर.
मी काही बोललो नाही. टाचेनं दोनदा दाबला.
बसला.
पावलं पडत राहिली तर होईल गुळगुळीत,
माझ्यानंतर केव्हातरी.

घरी पत्र टेबलावर पसरलं. उत्तर सोमवारपर्यंत,
खाली सहीची रिकामी रेघ.
ग्रासिएते चष्मा शोधायला उठली.
"तुझा की माझा?" मी विचारलं.
"माझा," ती म्हणाली,
"आधी तुझे मोजे काढते. मग वाचू."