आधीच

रात्री बाराला पहिल्यांदा तुमच्या तोंडात बोट घातलं, श्येफ,
माफी मागून.
गालाच्या आतून, हिरडीवरून, जिभेखाली
पिवळसर चिकट लेप,
माझ्या करंगळीच्या पेराएवढा.
मग सहाला. मग बाराला. मग पुन्हा सहाला.
जुना थर पुसायचा, नवा द्यायचा.
तोंडाला पानं पुसणं म्हणजे काय
ते मला कुणी विचारू नये.

तुम्हाला काही झालेलं नाही.
म्हणजे झालंय: ट्रॅक्टरखाली छाती, पाच बरगड्या,
नळीतून उसना श्वास.
पण हा लेप ज्याच्यासाठी, ते अजून झालेलं नाही.
तहान लागायच्या आधीची विहीर.
आणि विहीर लागते.
लेप नव्हता त्या वर्षांत
याच खिडकीखाली, छातीत पू भरून गेलेल्यांची
तोंडं मीच पुसली शेवटची.

तुम्ही डुकरं पाळता, म्हणून ही वेगळी खोली,
दोन दारं, मध्ये हात धुण्यापुरती जागा,
पिवळा झगा, जो मी आत येताना घालते
आणि जाताना फेकते.
आमच्या ब्राबांतात दाखल करतानाच विचारतात: किती?
रीत म्हणाली, अकराशे.
आणि मग हळूच, जणू तेही विचारलंय कुणी,
बेचाळीस वर्षं संसार.

गुरुवारी यूप आला, तुमचा धाकटा.
गुरुवारी काड्या फिरवतो आम्ही,
एक घशात, एक खाली, दोन्ही प्रयोगशाळेला.
तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला तोवर.
मग ट्यूब उचलून वाचलं त्यानं.
"कोलिस्टिन?
हे आमच्याकडे पोत्यानं यायचं."

पिल्लं आईपासून तोडली की हगवण लागते,
लागायच्या आधीच पाण्यात कालवायचे,
अख्ख्या गाळ्याला. बऱ्या पिल्लांनाही.
"बऱ्यांनाच," त्यानं स्वतःलाच दुरुस्त केलं,
"आजारी असायची दोन-तीन.
आता बंद केलंय जवळजवळ.
बाबांना पटलं नव्हतं."

माझं बोट तुमच्या गालात होतं.
मी काही बोलले नाही.
बारा खाटा आहेत माझ्याकडे
आणि ट्यूबा मोजून ठेवते मी, अंड्यांसारख्या.

खाली तळघरात ओडा बशी उजेडाकडे धरते.
औषधाच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल, म्हणजे जिंकलो.
एका टिकलीभोवती गोल नाही,
उंबऱ्यापर्यंत गवत यावं तसं
ते थेट टिकलीला भिडलेलं.
"तुमच्या चार नंबरचं," ती म्हणते.
चार नंबरला पियानो शिकवणाऱ्या बाई आहेत,
डुकराच्या वाटेला कधी गेल्या नसतील.
"कुठून आलं?"
ओडा खांदे उडवते.
"असं आपल्याकडे अजून क्वचितच."
अजून हा शब्द ती अशी म्हणते,
जसा बांधावरचा माणूस
खांबावर पाणी कुठवर आलंय ते वाचतो.

मी बशी पाहते. त्यात काही दिसत नाही,
डाग आहेत, बस्स.
माझ्या हातून गेलेलं यातलं किती,
आणि माझ्या हातून न आलेलं किती,
हे बशी सांगत नाही, ओडाही नाही.
वाचलेला माणूस मोजता येतो,
तो नळीवरून उतरतो, पाणी मागतो, रीतवर चिडतो.
दुसरं मोजायला
कुणाचं तोंड उघडायचं?

सोमवारी तुमची नळी काढली.
खोकलात, डोळ्यांत पाणी, मग कितीतरी वेळ नुसतंच छत.
ओठांवर लेपाचं वाळलेलं पापुद्र होतं,
जिभेनं चाचपलंत.
"कडू," तुम्ही म्हणालात. आवाज घासलेला, जुन्या बिजागरीचा.
आणि थोड्या वेळानं,
माझ्याकडे न बघता:
"नीट कालवलंय का बघायला
मी पाण्यात बोट बुडवून चाटायचो."

खिडकीबाहेर उजाडत होतं.
सहा वाजले होते.
मी नवा झगा काढला, नवे मोजे चढवले
आणि चार नंबरकडे गेले.
दारात थोडी थांबले,
इतकंच.