उणे साठ, सातपूर

साडेनऊला शटर वर जातं.
कोरडा बर्फ येतो थर्माकोलच्या खोक्यात,
अर्धा कसारा घाटातच उडून गेलेला.
उरल्यावर मी स्पिरिट ओतते.
काटा उणे साठला टेकेपर्यंत
कुलथेसाहेबांचा दुसरा चहा होतो.

मग चिमटा.
करंगळीएवढं पोलाद, मधोमध खाच.
पाच सेकंदांत ठेवायचं, हात काढायचा,
लोलक सोडायचा.
काही तुकडे उसासारखे फाटतात, धाग्याधाग्यांनी,
मोडतानाही हिसका देऊन.
काही जातात काचेसारखे. आवाजही कोरडा.
फाटतात त्यांची भट्टी पास.
तुटतात त्यांचा नंबर मी लाल पेनाने लिहिते.

हे सगळं एका जहाजासाठी.
त्याला अजून नाव नाही, कुठल्याशा गोदीत
नुसत्या फासळ्या उभ्या आहेत म्हणे.

गायधनी मॅडम एकदा येऊन गेल्या.
जहाजाची नाळ त्यांनी आखलेली.
मला नाळ म्हणजे बाळाची वाटली,
तर ते जहाजाचं तोंड.
पंधरा वर्षं भद्रकालीत काढलेली बाई,
समुद्र पाहिला तोच विशीत.
मी विचारलं, बर्फ कापतं कसं हो?
आम्ही त्र्यंबक रोडला मिसळ खात होतो.
त्यांनी पापड उचलला, अर्धा ताटलीच्या काठाबाहेर ठेवला
आणि मोकळ्या बाजूवर बोट नुसतं टेकवलं.
कट्.
"कापत नाही गं.
बर्फ दाबाला कठीण, वाकायला कच्चा.
जहाज त्याच्यावर चढतं, पोट टेकवतं,
आणि आपल्या वजनाने खाली बसतं."

आमची आत्या अशीच भांडते.
उंबऱ्यात बसते. बस्स.

आणि अडकलं तर?
डाव्या टाकीतलं पाणी उजवीकडे,
उजवीतलं डावीकडे,
झोप न लागलेल्या माणसासारखं
कूस बदलत राहायचं, बर्फाची पकड सुटेतो.
मधोमध एक विहीर आहे, बिनतळाची.
तिच्यातून यंत्रं सोडतात काळ्या पाण्यात.
पुढे पांढऱ्या जमिनीवर माणसं उतरतात,
बर्फात नळी घालून लांबच लांब कांडी काढतात.
तिच्यात बुडबुडे,
गोदेला नाव ठेवायला कुणी नव्हतं तेव्हाची हवा.
ती मोजायला एवढा खटाटोप.
मॅडमनी उरलेला पापड खाऊन टाकला.

माझा बर्फ म्हणजे निफाडचा.
जानेवारीत पारा चारवर आला
की मावसभाऊ फोटो पाठवतो,
द्राक्षाच्या पानावर गोठलेलं दव,
मागे बागेत पेटवलेल्या शेकोट्या.
आठला ते पाणी झालेलं असतं.

गेल्या आषाढात एक भट्टी आली, चारशे सतरा.
तीन तुकडे. दोन फाटले.
तिसरा गेला. काच.
साहेब म्हणाले, सरासरी बसते.
बाहेर ट्रकवाला हॉर्न देत होता.
खरंच बसत होती, मी दोनदा केली.
पण नियमात एकट्या तुकड्याचीही रेघ असते,
आणि बर्फाला सरासरी कुठे कळते?
तो जिथे लागतो तिथे लागतो.
मी पेन खाली ठेवलं,
आणि आत्यासारखी स्टुलावर बसून राहिले.

ट्रक रिकामा गेला.
साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी चहा माझ्यासाठीही मागवला.
प्लेट परत गेली, कुठे वितळली कोण जाणे.
जहाज कधी निघेल तेही मला कुणी कळवणार नाही.

त्या तुकड्याचा अर्धा भाग माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
नोंदीत तो "नष्ट" आहे.
मे महिन्यात लाइट जाते, पंखा थांबतो,
तेव्हा मी त्याच्या दाणेदार तोंडावर बोट फिरवते.
चाळीस डिग्रीला तो अगदी साधा असतो,
कोमट, गुणी.
कुणाला सांगून पटणार नाही.