आतून टेकव

ससूनच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर,
मी तुझ्याशी बोलणं सोडलं, काळिके.
तुझा अंगाराही परत केला
जाऊबाईंच्या हातात, पुडीसकट.
संकष्टी नव्हती, अमावास्या नव्हती.
साधा गुरुवार होता, पुण्यातला, वीज गेलेला.

त्याच दुपारी बंबाच्या अर्ध्या पोटावर
ह्यांचा हात थांबला.
तांबट आळीत सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईला
ठोके ऐकू येत नाहीत.
ते थांबले की ऐकू येतं.
भाजी चिरता चिरता मी मान वर केली.

उजवी बाजू गेली. जीभ जड झाली.
डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल,
आणि असं म्हणाले की वाटावं
वेळही खालच्या मेडिकलात मिळतो, चिठ्ठी दाखवून.

भेटायला येणारे मोसंबी आणायचे
आणि सोबत एक वाक्य :
"देव आवडत्यालाच ठोकतो, वहिनी.
ठोकल्याशिवाय का भांडं होतं?
तुम्हाला आम्ही काय सांगावं!"
मोसंबी ठेवून घेतली.
वाक्य पिशवीबरोबर परत दिलं.

कारण हातोडा जर तूच असशील, बाई,
तर तुझ्यापुढे दिवा कशाला लावायचा?
तेल काय फुकट येतं?

घरी आणलं तेव्हा एकशे एक तांब्यांचं काम अडून होतं,
कोथरूडच्या कुठल्याशा मुंजीचं.
उचल घेतलेली, उचल संपलेली.
वैजयंती म्हणाली, पैसे परत देऊ.
कुठून, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
रात्री पदर खोचला
आणि ह्यांचा मठारायचा हातोडा उचलला.
वजन ओळखीचं निघालं, शेवया भरलेल्या डब्याएवढं.

पहिला तांब्या पोचला.
दुसऱ्याला चीर गेली, नखाएवढी,
पण पाण्याला तेवढी पुरते.
मी फरशीवर बसले
आणि जिच्याशी बोलायचं नव्हतं तिलाच म्हणाले,
घे. हेही घे.

तेव्हा पलंगावरून आवाज आला.
"आ… तून."
मग बराच वेळ काही नाही.
रबरी चेंडू खाली पडला, घरंगळत माझ्यापर्यंत आला.
"टेकव."

तीन आठवड्यांतले पहिले दोन शब्द.
पाणी नव्हे, माझं नाव नव्हे.
हाताखालच्या पोरांना हेच ओरडायचे ते,
मी स्वयंपाकघरातून हजारदा ऐकलेलं :
पोकळीवर मारलंस की पत्रा फाटतो रे,
आतून ऐरणीला टेकव, टेकलंय तिथंच मार.

टेकवला.
थड् असा आवाज होता, तो टण् झाला.

पहाटे तुझ्यासमोर उभी राहिले, अंघोळ न करता.
घाव कुणाचा, ते मला अजून कळलेलं नाही.
तपासलेल्या न तपासलेल्या रक्तदाबाचा,
तंबाखूचा, नाहीतर कुणाचाच नाही.
पण ही जी आत काहीतरी आहे,
काळी, थंड, हलत नाही,
जिच्यामुळे इतकं होऊन मी फाटले नाही,
आणि बाहेरचा प्रत्येक ठोका
माझ्यातून जाऊन जिच्यावर बसतो,
ती तू ना?
तुला लागत असेल गं.
हे कधी विचारलंच नव्हतं मी.

तू बोलली नाहीस. बरं झालं.
तुझ्या कपाळावरही खाचा दिसल्या, बारीक,
कदाचित दिव्याच्या उजेडानं.

अजून त्रेसष्ट तांबे बाकी आहेत.
हात आलेला नाही. करंगळी हलते, काही दिवशी.
जाऊबाईंनी अंगारा आणला, मोसंब्यांच्या पिशवीत लपवून.
कपाळाला लावला नाही.
ऐरणीला लावला.

आज गुरुवार. वीज नाही.
ठोक्यांना ती लागत नाही.
हे डाव्या बोटांनी पलंगाच्या कठड्यावर ताल धरतात,
आणि माझा एखादा ठोका चुकला
की नुसतं म्हणतात,
अं.